अर्धी बांधलेली गाडी हाती घेताना

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. लोटस सेव्हन या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या धर्तीची बुटकी, उघडी गाडी, चेसिसला म्हणजे सांगाड्याला चारही कोपऱ्यांत लागलेले सस्पेन्शन, आपापल्या जागी बसलेले इंजिन आणि गिअरबॉक्स, भिंतीशी रचलेली अकरा खोकी आणि आता केवळ वायरिंग व रंगकाम उरले आहे, हे विकणाऱ्याचे सांगणे. हे सर्व पाहून तुला झालेला आनंद मी ओळखतो, कारण वीस वर्षांपूर्वी इंग्लंडात कॉव्हेंट्रीला आल्यावर मीही अशीच, दुसऱ्याच्या हातून अर्धी राहिलेली गाडी घेतली होती. वायरिंग आधी करावे की रंग आधी द्यावा, असे तू विचारले आहेस. माझे मत असे की दोन्ही कामे तूर्त बाजूला ठेवावीत आणि आधी गाडी खोलावी.

असे का म्हणतो, ते सांगण्यासाठी माझ्याच गाडीची हकिकत सांगितली पाहिजे. ज्या गृहस्थांकडून ती घेतली त्यांचा हात सफाईदार होता. प्रत्येक नळी सरळ, प्रत्येक नट स्वच्छ, खोक्यांवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या. त्या सफाईवर विसंबून मी पुढची कामे सुरू केली. गाडी चाकांवर उभी राहिली त्या संध्याकाळी दोन मित्रांनी तिला मागून ढकलले आणि मी स्टिअरिंगवर बसलो. इंजिन बंद होते, वेग चालत्या माणसाचा. गल्लीच्या वळणावर मी चाक डावीकडे वळवले, मग सरळ केले. माझ्या हातातले चाक सरळ झाले, गाडी मात्र डावीकडेच जात राहिली आणि शेजाऱ्यांच्या कुंपणाच्या झुडपात शिरली. बॉनेट उघडून पाहिले, तर स्टिअरिंगच्या दांड्याचा खालचा सांधा आपल्या दातऱ्यांवरून सरकून सुटला होता. त्याला धरून ठेवणाऱ्या बोल्टचा नट मी दोन बोटांनी फिरवू शकत होतो.

त्या गृहस्थांना फोन केला तेव्हा त्यांना मनापासून वाईट वाटले. पायाच्या पेडलला सांधा अडतो की काय एवढे पाहण्यासाठी त्यांनी तो बसवला होता, नंतर दांडा काढून रंगवायचा होता. त्याच आठवड्यात घरात आजारपण आले आणि गॅरेजचे दार दोन वर्षे बंद राहिले. त्यांच्या बाजूने पाहिले तर यात हलगर्जीपणा नव्हता, काम मध्येच थांबले होते इतकेच. बसवून पाहिलेला बोल्ट आणि कायमचा आवळलेला बोल्ट डोळ्यांना सारखेच दिसतात, आणि कोणता कसला हे ज्याच्या डोक्यात होते तो माणूस गाडीबरोबर येत नाही. माझा वेग थोडा जास्त असता तर हे पत्र लिहायला मी उरलो असतो की नाही, याचा विचार आजही मनात येतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी उमेदवारी केली, तेथील आमच्या मिस्त्रींची शिस्त अशी होती की दुसऱ्याने जोडलेले इंजिन दुरुस्तीला आले तर त्याचा एकेक नट आधी ढिला करायचा आणि मगच आपल्या हाताने आवळायचा. तेव्हा मला तो वेळेचा अपव्यय वाटे. त्या संध्याकाळनंतर मी तीच शिस्त पाळत आलो आहे आणि तुलाही तीच सांगतो. सेव्हन १९५७ साली निघाली तेव्हा ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर खरेदीकर असे आणि सुट्या भागांचा संच घेणाऱ्याचा तो कर वाचे. संचाबरोबर जोडणीच्या सूचना देण्यास मनाई असल्यामुळे खोलण्याच्या सूचना देत आणि त्या उलट क्रमाने वाचायला सांगत, अशी गोष्ट येथील हौशी लोक सांगतात. तुझ्या गाडीला तीच वाट योग्य आहे.

तेव्हा एका कोपऱ्यापासून सुरुवात कर. समजा, पुढचे डावे चाक. गाडी भक्कम स्टँडवर घे, केवळ जॅकवर कधीही नको. एक बोल्ट काढ, त्याच्या डोक्यावर मजबुतीचा ८.८ किंवा त्याहून वरचा आकडा आहे का पाहा, आटे बोटाने तपास, आणि नायलॉनची कडी असलेला नट असेल तर तो टाकून नवा घे, कारण एकदा काढल्यावर त्याच्या पकडीचा भरवसा उरत नाही. बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत दिलेला आकडा टॉर्क पान्यावर, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्यावर, लावून आवळ, लगेच नटावरून बोल्टवर जाणारी पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढ आणि वहीत तारखेसह नोंद कर. आधीच्या माणसाने ओढलेल्या रेघा दिसल्या तर त्या पुसून टाक. रेघेचा अर्थ एकच असला पाहिजे, तो म्हणजे हा बोल्ट तू आवळला आहेस.

यात एक अपवाद नीट समजून घे, कारण तो बहुतेकांना उशिरा कळतो. सस्पेन्शनच्या बाहूंमध्ये धातूच्या नळीला चिकटवलेले रबरी बुश, म्हणजे सांध्यातली रबरी अस्तरे, असतील, तर बोल्ट आवळताच आतली नळी जागेवर जखडली जाते आणि त्यापुढची सगळी हालचाल रबराच्या पिळातून होते. चाके लोंबकळत असताना हे बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर उतरताच रबराला कायमचा पीळ बसतो, गाडीची उंची चुकते आणि बुश लवकर फाटतात. म्हणून हे बोल्ट बोटांनी बसवून त्यांना लाल चिकटपट्टी लाव, आणि इंजिन, पेट्रोल व चालकाचे वजन घेऊन गाडी चाकांवर उभी राहील त्या दिवशी आवळ. तुझ्या तिसऱ्या छायाचित्रात चेसिस लाकडी ठोकळ्यांवर आहे, चाके हवेत आहेत आणि बाहूंच्या नटांवर मात्र रेघा ओढलेल्या आहेत. त्या पाहूनच मी हे पत्र लिहायला बसलो.

ब्रेकच्या बाबतीत माझे म्हणणे कठोर वाटेल. चेसिसला बसवलेल्या धातूच्या नळ्या शाबूत असतील तर ठेव, पण रबरी नळ्या, मास्टर सिलिंडरचे (पेडलचा दाब द्रवाला देणारा) व कॅलिपरचे (चाकाची चकती आवळणारा) सील आणि द्रव हे सर्व नवे घे. डॉट ४ हा नेहमीचा ब्रेकचा द्रव हवेतले पाणी शोषतो, आणि टोके उघडी ठेवून वर्षानुवर्षे पडलेल्या नळीत व सिलिंडरमध्ये गंज धरलेला असतोच. विकणाऱ्याने कोणता द्रव भरला हे त्याला आठवत नसेल तर सर्व धुऊन काढ, कारण सिलिकॉनचा डॉट ५ आणि नेहमीचा डॉट ४ एकत्र चालत नाहीत. नळ्या बसल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरव, सस्पेन्शन पूर्ण वर आणि पूर्ण खाली ने, आणि प्रत्येक स्थितीत लवचीक नळी कशाला घासते किंवा ताणली जाते का, हे हात लावून पाहा. डोळ्यांना दिसत नाही ते बोटाला कळते. मागच्या चाकांना फिरवणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या बोगद्यातून जाणारी नळी विशेष पाहा, कारण बोगदा झाकल्यावर तिथे हात पोहोचत नाही.

इंजिनाविषयी थोडक्यात. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोड, दोन दिवस मुरू दे आणि मग क्रँकच्या पुलीला पाना लावून हाताने फिरव. टायमिंगचा पट्टा कितीही नवा दिसला तरी बदल. टाकीतले पेट्रोल काढून टाक आणि रबरी नळ्या आजच्या इंधनाला चालणाऱ्या घे, कारण सप्टेंबर २०२१ पासून येथील नेहमीच्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुने रबर त्याने कुजते. टायर चकचकीत आहेत असे तू लिहितेस. त्यांच्या बाजूवर डॉट (DOT) या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१२ असे असेल तर तो टायर २०१२ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे आणि एक मैलही न धावता म्हातारा झाला आहे.

वायरिंगची तुला भीती वाटते, ती बाळगू नकोस. अर्धवट तारांच्या जुडग्यात दुसऱ्याचा हेतू शोधत बसण्यापेक्षा प्रत्येक तार मल्टिमीटरने दोन्ही टोकांना तपासून चिठ्ठी लावणे हे संथ पण खात्रीचे काम आहे. एवढे लक्षात ठेव की तुझ्या गाडीचे नाक आणि मडगार्ड फायबरग्लासचे आहेत, त्यांतून वीज परत येत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला अर्थिंगची स्वतंत्र तार चेसिसपर्यंत हवी आणि तिथला रंग खरवडलेला हवा. ब्रेक दाबल्यावर वळणाचे दिवे मंद उजळले तर दोष बहुधा अर्थिंगमध्येच असतो. बॅटरी पहिल्यांदा जोडताना सर्व बटणे बंद ठेव आणि मध्ये २१ वॅटचा एक बल्ब घाल. तो झगझगीत पेटला तर कुठेतरी तारा भिडल्या आहेत असे समज. बल्ब पेटेल, तारा वाचतील.

आता कागदपत्रे. हे काम लोक शेवटी ठेवतात, तू मात्र याच आठवड्यात कर, कारण विकणारा अजून तुझा फोन उचलतो आहे. गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी तिला आयव्हीए, म्हणजे एकेका गाडीची वैयक्तिक मान्यता चाचणी, द्यावी लागेल आणि नंतर डीव्हीएलए या वाहन नोंदणीच्या सरकारी कार्यालयाकडे नोंदणी. गाडी हौसेने बांधली आहे याचा पुरावा मागतात, म्हणून विकणाऱ्याच्या काळातली छायाचित्रे आणि पावत्या आता तुझ्याकडे असल्या पाहिजेत. संचाची मूळ पावती, तिच्यावरचा चेसिस क्रमांक, ज्या फोर्ड सिएरामधून इंजिन व गिअरबॉक्स काढले तिचे नोंदणीपत्र, आणि इंजिनाचे वय दाखवणारा कागद मागून घे, कारण धुराची मर्यादा इंजिनाच्या वयावर ठरते. भागांचे मूळ सिद्ध झाले नाही तर नोंदणी क्रमांक क्यू अक्षराने सुरू होणारा मिळतो. त्याने गाडी चालायची थांबत नाही, पण पुढे विकताना किंमत कमी येते.

चाचणीचे नियम वाचताना आजची आवृत्ती वाच. तुझ्या गाडीचे काम २००६ साली सुरू झाले, आणि मोटारींसाठीची आयव्हीए २००९ मध्ये आली. त्याआधी एसव्हीए नावाची जुनी चाचणी होती, तेव्हा पहिल्या माणसाने जे केले ते त्याच्या काळच्या नियमांनी केले. कडांच्या नियमाने अनेकांची गाडी परत जाते: १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा बाहेरून जिथे टेकू शकतो तिथल्या कडेची गोलाई किमान २.५ मिलिमीटर हवी. विशबोनच्या, म्हणजे सस्पेन्शनच्या बाहूंच्या, नटांवर प्लास्टिकच्या टोप्या आणि पत्र्याच्या कडांना रबरी पट्टी लावतात, ती याचसाठी. रंग या सगळ्यानंतर, अगदी शेवटी दे. चाचणीत काही भोके बदलावी लागली तर रंगवलेला पत्रा कापताना जीव तुटतो.

विकणाऱ्या गृहस्थांना एकदा घरी चहाला बोलाव. त्यांना गाडीपाशी उभे कर आणि एकेका सांध्याला हात लावून विचार की हा बसवून पाहिला होता की आवळला होता. जे आठवणार नाही ते वहीत लिहून घे. अर्धी राहिलेली गाडी विकताना माणसाला थोडे लागतेच, आणि आपले काम कुणी मनापासून पुढे नेत आहे हे पाहून ते अधिक मोकळेपणाने सांगतील, असा माझा अनुभव आहे.

मी येत्या शनिवारी सकाळी दहाला येतो. माझा टॉर्क पाना आणि स्टँडची जोडी घेऊन येईन. तोवर पुढचे डावे चाक काढून ठेव, पण त्यामागचे काहीही खोलू नकोस, तो पहिला बोल्ट आपण मिळून काढू.

तुझा,
काका