भूत न दाखवणारा भुताचा सिनेमा

प्रश्न : राम राम. मी यावल तालुक्यातला केळीवाला शेतकरी. मुलगी अमेरिकेत विद्यापीठात शिकते. या हिवाळ्यात आम्ही नवराबायको तिच्याकडे गेलो होतो. एका संध्याकाळी ती आम्हाला विद्यापीठाच्या म्युझियममध्ये घेऊन गेली. वाटलं, मूर्ती-नाणी बघायची असतील. तर आत थिएटर, आणि लागला भुताचा सिनेमा! बनवणारी पोरगी तिथंच बसलेली. मित्रमंडळींकडून पैसे जमवून केला म्हणे. दीड तास एक बाई रिकाम्या घरात फिरते आणि भिंतीतून घरघर येते, बस. भूत एकदाही दिसलं नाही. आमच्या सौ. मस्त झोपल्या, मला मात्र रात्रभर डोळा लागला नाही. मुलगी म्हणते, याला आर्ट-हॉरर म्हणतात. असले सिनेमे म्युझियममध्ये का लावतात? भूतच नाही तर भुताचा सिनेमा कसा? आमच्या कॉलेजात जुनी मापं, नाणी, वीरगळ ठेवलेलं एक छोटं संग्रहालय आहे आणि मी संस्थेच्या कार्यकारिणीत आहे. तिथं असा खेळ लावता येईल का?

उत्तर : राम राम भाऊ. तुमची झोप उडाली, म्हणजे त्या पोरीचे पैसे वसूल झाले. वहिनी झोपल्या याचंही तिनं वाईट वाटून घेऊ नये. असल्या सिनेमात कुणी ना कुणी घोरतंच.

मी भुसावळला टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. केबिनच्या खिडकीतून पडद्यापेक्षा माणसांची डोकी जास्त दिसतात. १९८४ साली रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ आला, तेव्हा संगीत चढायला लागलं की पुढच्या रांगा आधीच खुर्चीत खाली सरकायच्या. राक्षस आला की किंकाळ्या, लगोलग शिट्ट्या, आणि इंटरव्हलला भज्यांच्या गाडीवर हीऽऽ गर्दी. भ्यायचं आणि मोकळं व्हायचं. मला तो प्रकार आजही आवडतो, त्याला कुणी हलकं म्हटलं की राग येतो.

तुमच्या सिनेमानं ही मोकळं व्हायची सोयच काढून घेतली. शेतीची लाइट रात्रपाळीची असली की तुम्ही बॅटरी घेऊन केळीच्या बागेत मोटार चालू करायला जाता. उजेडाच्या पलीकडे पान सळसळतं. रानडुक्कर समोर आलं तर निदान ओरडता येतं, पळता येतं. पण नुसतंच सळसळत राहिलं तर? आर्ट-हॉरर हा त्या सळसळीचा सिनेमा. भूत असतं, ते दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर टाकलेली असते. तुम्ही रात्रभर ती पार पाडलीत.

त्या घरघरीचंही ऐका. १९७७ साली अमेरिकन दिग्दर्शक डेव्हिड लिंचचा ‘इरेजरहेड’ हा सिनेमा आला. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या तबेल्यांत, पैसे संपत-जमत, कित्येक वर्षं त्याचं काम चाललं होतं. त्यात जवळजवळ सतत यंत्रांची, वाफेची, वाऱ्याची गुणगुण आहे. लिंच आणि त्याचा आवाजाचं काम बघणारा जोडीदार ॲलन स्प्लेट यांनी ती जमवली. चित्र नको असलं तर डोळे मिटता येतात. आवाजाला काय करणार? खिशात पैसे नसलेल्या दिग्दर्शकाला राक्षसाचा मेकअप परवडत नाही, आवाज परवडतो.

आता म्युझियमचं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं १९३५ मध्येच फिल्म लायब्ररी काढली. चित्रं-शिल्पं जपतात तसा सिनेमाही जपायचा, हा विचार. बर्कलीला कॅलिफोर्निया विद्यापीठाचं कलासंग्रहालय आणि पॅसिफिक फिल्म अर्काइव्ह ही एकच संस्था आहे, तिथं नियमित खेळ होतात. आमच्या मालकांनी तुमचा तो सिनेमा शुक्रवारी लावून शनिवारी मॅटिनीलाच उतरवला असता, आणि धंदा म्हणून ते बरोबरच होतं. संग्रहालयात येणारा माणूस मात्र एका चित्रासमोर दहा मिनिटं उभं राहायची तयारी ठेवूनच येतो. त्या पोरीला असलाच प्रेक्षक हवा होता.

आणि कलेच्या जागी भय कशाला, असं तर आपण खानदेशी माणसांनी विचारूच नये. पाहुणे आले की अजिंठ्याला नेतो ना आपण? १७ क्रमांकाच्या लेण्यात सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा रंगवली आहे. जहाज फुटून बेटावर लागलेले व्यापारी, त्यांना भुलवणाऱ्या सुंदर बायका, आणि त्या निघतात राक्षसिणी. एक तर माग काढत थेट राजवाड्यात शिरते आणि आपल्या सोबतिणी बोलावून राजालाच खाते. पाचव्या शतकातलं काम, आणि तेही भिक्षूंच्या विहारात! गाइड पद्मपाणी दाखवून घाईनं पुढे नेतो. त्याला थांबवा आणि ही भिंत बघा.

कॉलेजात खेळ लावता येईल, पण आधी कागदपत्रं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिक्षणसंस्थांना सवलत आहे, तिच्यात प्रेक्षक मात्र विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं एवढेच. गावाला बोलवायचं तर हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या. स्वतंत्र सिनेमावाल्याला सरळ पत्र लिहिलं तर तो बहुधा खूशच होतो, थोडं मानधन द्या. सेन्सॉरचं प्रमाणपत्र असलेलाच सिनेमा निवडा. बिनप्रमाणपत्राचा जाहीरपणे दाखवायचा तर केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्याकडून सूट लागते, त्या भानगडीत पहिल्याच वेळी पडू नका. ‘ए’ असेल तर अकरावी-बारावीची पोरं आत नकोत, मग प्राचार्य कितीही उत्साही असोत.

खरी अडचण अंधाराची. स्वस्त प्रोजेक्टरवर काळा रंग काळा दिसत नाही, राखाडी दिसतो, आणि या सिनेमाचं सगळं भांडवल तो काळाच. खिडक्यांच्या काचांना आतून काळा कागद चिकटवा, दाराला जाड पडदा लावा, आणि वरच्या झरोक्याला विसरू नका. सगळे हमखास विसरतात. बाहेर जायच्या वाटेवरचा दिवा मात्र चालू, आणि दाराला कुलूप नाही. नाण्यांची कपाटं कापडानं झाका, नाहीतर काचेत पडदा उलटा दिसतो आणि भलतंच भूत निघतं.

स्पीकर भाड्यानं आणाल तर मंडप-डीजेवाल्याकडचे नकोत, ते छातीत धडधडतात पण बारीक घरघर गिळतात. दोनच, पण बरे, पडद्याच्या दोन बाजूंना ठेवा. पंख्यांचा आवाज हा त्याहून मोठा शत्रू. पंखे बंद करायचे म्हणजे उन्हाळा बाद, डिसेंबर-जानेवारीच धरा. इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर आणि ध्वनी दोन्ही चालतात का, ते आदल्या दिवशी पूर्ण सिनेमा चालवून बघा.

खेळ संपल्यावर पाच मिनिटं कुणी बोलू नये. मग चर्चा. पहिला हात मराठीच्या सरांचा असेल आणि प्रश्न असेल, ‘यातून संदेश काय?’ त्यांना तुमच्या शेजारी बसवा आणि आधी एखाद्या पोराला विचारा, कुठल्या क्षणी मान वळवून मागं बघितलंस? अध्यक्षांचं भाषण ठेवणं भागच असेल, तर ते चर्चेनंतर ठेवा. तोवर ते दुसऱ्या कार्यक्रमाला निघून गेलेले असतात.