मॅग्नेटिक चक कसा बनवतात आणि किल्ली फिरवली की तो बंद कसा होतो?

तुमचा प्रश्न सरफेस ग्राइंडरवरच्या (धातूचा पृष्ठभाग घासून सपाट करणाऱ्या मशीनवरच्या) परमनंट मॅग्नेटिक चकबद्दल, म्हणजे जॉब (घासायचा तुकडा) चुंबकाने धरून ठेवणाऱ्या पाटाबद्दल आहे: तो बनतो कसा, आणि विजेशिवाय नुसत्या किल्लीने चालू-बंद कसा होतो. मी हेच चक बनवण्याचं काम करतो.

आधी बंद होण्याचं सांगतो, कारण सगळी बनावट त्यावर ठरते. आतले चुंबक कधीच बंद होत नाहीत. चकच्या पोटात चुंबक आणि लोखंडी पट्ट्या आलटून पालटून लावलेला सरकता गठ्ठा असतो. वरच्या प्लेटमध्ये माईल्ड स्टीलच्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये पितळ. गठ्ठ्यातले ध्रुव स्टीलच्या पट्ट्यांखाली आले की चुंबकीय प्रवाह वर चढतो, जॉबमधून शेजारच्या पट्टीत उतरतो आणि जॉब घट्ट धरला जातो. किल्लीने गठ्ठा अर्धा पिच (पिच म्हणजे एका स्टीलच्या पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंतचं अंतर) सरकला की उत्तर आणि दक्षिण ध्रुव एकाच पट्टीला टेकतात. प्रवाह खालच्या खालीच पुरा होतो, जॉब सुटतो.

खरं कसब टॉप प्लेटचं. स्टील आणि पितळेच्या पट्ट्या भोकं पाडून एकाआड एक रचायच्या, पितळी सळ्या ओवायच्या, प्रेसखाली दाबून टोकं रिव्हेट करायची. काही जण ब्रेझिंग (सांध्यात दुसरा धातू वितळवून जोडणं) करतात किंवा इपॉक्सीने चिकटवतात. सांध्यात केसाएवढी फट राहिली तरी कूलंट (घासताना गार ठेवायला सोडतात तो द्रव) आत झिरपतं, गठ्ठा गंजतो आणि किल्ली जड होते. म्हणून चक घेताना मी आधी सांधे बघायला सांगतो, चुंबकाची ताकद नंतर. ताकदीलाही मर्यादा आहेच: लोखंडात 2 टेस्लापर्यंत प्रवाह भरला तरी पकड प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे 16 किलोच मिळते, तीही जॉब सपाट टेकला तर.

चुंबक फेराइटचे किंवा निओडिमियमचे. निओडिमियम बसवताना बोटं सांभाळावी लागतात. शिवाय त्याचा साधा ग्रेड 80 अंश सेल्सिअसच्या वर ताकद गमावू लागतो, म्हणून कूलंट बंद ठेवून घासू नका. पातळ जॉबला बारीक पिचचाच चक घ्या. मोठ्या पिचचा प्रवाह पातळ पत्र्यात मावत नाही.

शेवटचं ग्राइंडिंग चक ज्या मशीनवर राहणार त्याच मशीनवर, आणि ऑन करून. ऑन असताना गठ्ठा प्लेटला खाली खेचतो, ती किंचित वाकते. ऑफ ठेवून घासलेली प्लेट ऑन केल्यावर सपाट राहत नाही.