बॅटरी १०० टक्के, तरी लॅपटॉप बंद

प्रश्न : पाच वर्षं जुना लॅपटॉप चार्जरवर नीट चालतो. बॅटरी १०० टक्के दाखवते, पण पिन काढली की लगेच बंद. काय करावं?

उत्तर : त्या आकड्यावर जाऊ नका. बॅटरीतल्या जुन्या सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे वीज वाहताना आतून होणारा अडथळा, वाढलेला असतो. भार येताच, म्हणजे लॅपटॉप बॅटरीतून वीज ओढू लागताच, तीन सेलच्या बॅटरीचे १२ व्होल्ट झपकन ९ च्या आसपास घसरतात आणि संरक्षक सर्किट वीज तोडतं. आधी फुकटचा उपाय : लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. फरक नाही? मग बॅटरीच बदला. टचपॅड वर उचललेला दिसला तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग तिथेच थांबवा, दाबू-टोचू नका. नवी घेताना जुनीवरचा पार्ट नंबर आणि व्होल्ट जुळवा. नुसतं मॉडेल सांगून भागत नाही.