वाचकांचे प्रश्न : स्टॉक कार चालकाची कारकीर्द

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत शिकतो. गेली दोन वर्षे तो रात्री जागून अमेरिकेतल्या नॅसकार या संस्थेच्या स्टॉक कार शर्यती (नेहमीच्या मोटारीसारख्या दिसणाऱ्या, पण शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्यांच्या शर्यती) पाहतो आणि आपल्याला स्टॉक कारचा चालकच व्हायचे आहे, असे ठामपणे सांगतो. हा खरोखर व्यवसाय आहे का, त्यावर पोट भरते का आणि जिवाला किती धोका असतो? घरात यावरून रोज वाद होतात.
— एक आई, ऐरोली

उत्तर : ताई, आपण शेवटी विचारलेला प्रश्न आपल्या मनात पहिला असणार, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो. धोका आहे. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना ५०० या शर्यतीच्या अखेरच्या फेरीत डेल अर्नहार्ट हे सात वेळा अजिंक्यपद मिळवलेले चालक भिंतीवर आदळून मृत्युमुखी पडले. त्याआधीच्या वर्षी नॅसकारच्या निरनिराळ्या मालिकांतील तीन चालक गेले होते. चालकाचे धड पट्ट्यांनी आसनाला घट्ट बांधलेले असे, पण डोके मोकळे असे. गाडी क्षणात थांबली की डोके पुढे फेकले जाई आणि कवटीचा तळ मोडत असे. अर्नहार्ट यांच्या मृत्यूनंतर त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये डोके व मान धरून ठेवणारे उपकरण सक्तीचे झाले, आणि २००२ पासून ट्रॅकच्या काँक्रीटच्या भिंतींपुढे पोलादी नळ्या व फोम यांचे धक्का शोषणारे कुंपण उभे राहू लागले. त्यानंतर नॅसकारच्या सर्वोच्च अशा कप मालिकेच्या शर्यतीत एकाही चालकाचा जीव गेलेला नाही. २०२० मध्ये डेटोनालाच रायन न्यूमन यांची गाडी हवेत उलटली आणि दुसऱ्या गाडीने तिला धडक दिली. ते दृश्य पाहताना मी अक्षरशः हात जोडले होते. दोनच दिवसांनी ते आपल्या मुलींचे हात धरून रुग्णालयातून चालत बाहेर पडले.

मात्र एवढे सांगून थांबलो तर मी आपल्याला अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. आज चालकाला खरे भय आहे ते मेंदूला बसणाऱ्या हादऱ्याचे. डेल अर्नहार्ट यांचे पुत्र डेल धाकटे यांना या कारणाने २०१६ चा अर्धा हंगाम बाहेर बसावे लागले आणि २०१७ नंतर त्यांनी पूर्णवेळ शर्यती सोडल्या. २०२२ मध्ये कर्ट बुश यांची कारकीर्द पोकोनो येथे पात्रता फेरीत झालेल्या एकाच धडकेने थांबली. त्या वर्षी आलेल्या नव्या गाडीचा मागचा भाग फार ताठ होता, धक्का गाडीत न जिरता चालकापर्यंत पोहोचत होता, म्हणून पुढच्या हंगामासाठी त्या भागाची रचना बदलावी लागली. मुलाशी बोलताना वेगाबद्दल वाद घालण्यापेक्षा ही दोन नावे त्याच्यासमोर ठेवा. तो या खेळाचा खरा अभ्यासक असेल तर त्याला ती ठाऊक असतील.

व्यवसाय म्हणाल तर तो निश्चितच आहे. कप मालिकेत फेब्रुवारी ते नोव्हेंबर या काळात गुणांच्या ३६ शर्यती होतात. तिथवर पोहोचण्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत : गावोगावचे छोटे ट्रॅक, मग आर्का मालिका, मग ट्रक मालिका, मग दुसऱ्या क्रमांकाची मालिका आणि शेवटी कप. वरच्या पायरीवर संघ चालकाला मानधन आणि बक्षिसातला वाटा देतो. खालच्या पायऱ्यांवर मात्र चित्र पुष्कळदा उलटे असते, कारण संघ प्रायोजकांच्या पैशावर चालतो आणि नवख्या चालकाने तो पैसा स्वतःबरोबर आणावा अशी अपेक्षा असते. शिवाय सुरुवात फार लहान वयात होते. चार अजिंक्यपदे आणि ९३ शर्यती जिंकणारे जेफ गॉर्डन पाचव्या वर्षी छोट्या गाडीत बसले होते, आणि त्यांना अधिक शर्यती मिळाव्यात म्हणून त्यांचे कुटुंब कॅलिफोर्निया सोडून इंडियानात राहायला गेले. घरच्यांनी एवढे केल्यावरही बहुसंख्य मुले मधल्याच एखाद्या पायरीवर थांबतात, हे त्यालाही कळले पाहिजे.

आपल्याकडून तिथे गेलेले नाव म्हणजे कोइम्बतूरचे नारायण कार्तिकेयन. फॉर्म्युला वनमध्ये गाडी चालवणारे पहिले भारतीय असलेले कार्तिकेयन २०१० मध्ये नॅसकारच्या ट्रक मालिकेत उतरले आणि मार्टिन्सव्हिलच्या पहिल्याच शर्यतीत तेरावे आले. ते थेट गोल ट्रॅकवर गेले नाहीत, त्यांनी आधी अनेक वर्षे इतर प्रकारच्या शर्यतींत घालवली. आपल्या मुलाचाही मार्ग तसाच असेल. भारतात स्टॉक कार शर्यतींचा गोल ट्रॅक नाही; पीथमपूरचा ११.३ किलोमीटरचा मोठा गोल ट्रॅक वाहनांच्या चाचणीसाठी आहे. त्याने आधी कार्टिंग, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यती, करावे, भारतीय मोटर स्पोर्ट्स क्लब महासंघाचा परवाना घ्यावा, आणि चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टाई किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर रीतसर प्रशिक्षण घ्यावे. बारावीचे गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नये; का, ते तिसऱ्या उत्तरात येईल.

एक गोष्ट मात्र आजच त्याच्याकडून वदवून घ्या. रात्री पाम बीच रोडवर किंवा घोडबंदर रोडवर गाड्या पळवणारी मुले शर्यतीचा सराव करत नसतात. तिथे ना धक्का शोषणारे कुंपण असते ना रुग्णवाहिका, आणि समोरून येणाऱ्या माणसाने त्या शर्यतीला संमती दिलेली नसते.

प्रश्न : या गाड्या गोल गोल फिरत फक्त डावीकडे वळतात. यात चालकाचे कौशल्य ते कोणते?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : डावीकडेच वळतात हे बहुतेक ट्रॅकबाबत खरे आहे, काही शर्यती वळणावळणाच्या ट्रॅकवरही होतात. पण एकच वळण शेकडो वेळा घेताना ते दर वेळी वेगळे असते. टायर झिजतात, टाकीतले इंधन कमी झाल्याने वजन घटते, उन्हात डांबराची पकड बदलते. गाडीचा मागचा भाग बाहेर सरकू लागला की चालक रेडिओवर ‘लूज’ म्हणतो, आणि स्टिअरिंग वळवूनही पुढचा भाग वळत नसेल तर ‘टाइट’. हे दोन शब्द तो किती अचूक सांगतो, त्यावर टायर व इंधनासाठी गाडी पुढच्या वेळी थांबेल तेव्हा यांत्रिक काय बदलणार ते ठरते. नुसता धाडसी चालक आणि मुरलेला चालक यांतला फरक मला इथेच सर्वांत स्पष्ट दिसतो.

डेटोनाची फेरी अडीच मैलांची, म्हणजे सुमारे ४ किलोमीटरची, आणि तिची वळणे ३१ अंशांनी कललेली आहेत. मार्टिन्सव्हिलची फेरी एक किलोमीटरही भरत नाही आणि तिथे ब्रेक लालबुंद होतात. डेटोनाला ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने गाड्या एकमेकींना जवळजवळ चिकटून धावतात, कारण पुढच्या गाडीने कापलेल्या हवेत मागचीला अवरोध कमी लागतो. आरशात सगळे दिसत नाही, म्हणून उंचावर उभा असलेला निरीक्षक चालकाच्या कानात सतत बोलत असतो आणि चालकाला त्या आवाजावर विसंबून गाडी वळवावी लागते. अंतराचा अंदाज हवा असेल तर आपल्या जिल्ह्यातल्या आमणेपासून नागपूरपर्यंतचा समृद्धी महामार्ग आठवा. तो ७०१ किलोमीटरचा आहे. डेटोना ५०० ही सुमारे ८०५ किलोमीटरची शर्यत आहे आणि ती साधारण साडेतीन तासांत संपते. गाडीतले तापमान पन्नास अंशांच्या वर जाऊ शकते, आणि त्या पूर्ण वेळात चालक आसन सोडत नाही.

प्रश्न : मी मेकॅनिकल डिप्लोमा करून गॅरेजमध्ये काम करतो. वय २३, पैशाचे पाठबळ नाही. मला या क्षेत्रात काही जागा आहे का?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : कप मालिकेचा चालक होण्याची शक्यता तुमच्यासाठी अत्यंत कमी आहे, हे आधीच स्पष्ट सांगतो. पण हातात पाना धरणाऱ्या माणसाला या खेळात जेवढा मान आहे, तेवढा मी फार थोड्या खेळांत पाहिला आहे.

वेंडेल स्कॉट हे दुसऱ्या महायुद्धात लष्करात यांत्रिक होते. वंशभेदाच्या काळात त्यांना प्रायोजक मिळत नसत. जुन्या गाड्या स्वतः दुरुस्त करून ते शर्यतीत उतरत. १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिल येथे ते जिंकले. कप मालिकेतील शर्यत जिंकणारे ते पहिले कृष्णवर्णीय चालक. त्या दिवशी विजेता म्हणून दुसऱ्याचेच नाव जाहीर झाले, चूक मान्य झाली ती काही तासांनी, प्रेक्षक गेल्यावर.

ॲलन कुलविकी यांच्याकडे मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी होती. संघाचे मालकही तेच आणि चालकही तेच. १९९२ च्या हंगामातील अटलांटाच्या अखेरच्या शर्यतीत सर्वाधिक फेऱ्या आघाडीवर राहणाऱ्याला पाच जादा गुण होते. कुलविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंधनासाठी थांबण्याआधी किती फेऱ्या पुढे राहायचे याचा हिशेब शर्यत चालू असतानाच मांडला. शर्यत बिल इलियट यांनी जिंकली, कुलविकी दुसरे आले. पण आघाडीच्या फेऱ्या कुलविकींच्या १०३ आणि इलियट यांच्या १०२ भरल्या. अजिंक्यपद कुलविकींना दहा गुणांनी मिळाले. ती एक फेरी उलट गेली असती तर गुण समसमान होऊन जास्त विजयांच्या बळावर इलियट अजिंक्य ठरले असते. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये विमान अपघातात कुलविकी गेले.

म्हणून तुम्ही चेन्नई किंवा कोइम्बतूरला राष्ट्रीय शर्यती असतील तेव्हा एखाद्या संघाकडे मदतनीस म्हणून दोन-तीन दिवस काम मागा, सुरुवातीला बिनपगारी मागावे लागले तरी चालेल. जाताना वही न्या. चालक प्रत्येक फेरीनंतर गाडीबद्दल कोणते शब्द वापरतो, त्यानंतर टायरमधली हवा किंवा स्प्रिंग किती बदलली आणि पुढच्या फेरीची वेळ किती आली, हे तीन रकाने रोज भरा. दुसऱ्या संघाकडे काम मागायला जाल तेव्हा ती वही सोबत असू द्या.