पहिला पसंतीक्रम वाया जातो का?

वाचकांचे प्रश्न : अकरावी प्रवेश

प्रश्न : माझ्या मुलीला दहावीत सर्वोत्तम पाच विषयांचे मिळून ५०० पैकी ४२३, म्हणजे ८४.६० टक्के गुण मिळाले आहेत. तिला जळगावला विज्ञान शाखेत शिकायचे आहे. तिच्या मनातील महाविद्यालयाचा गेल्या वर्षीचा कट-ऑफ ८८ होता, दुसऱ्याचा ८५ आणि तिसऱ्याचा ८१. अर्ज भरून देणारा ऑनलाइनच्या दुकानातील मुलगा म्हणतो, की ८८ वाले पहिल्या क्रमांकावर लिहिले तर तो क्रमांक फुकट जाईल आणि तोवर ८५ च्या ठिकाणच्या जागाही भरून जातील. म्हणून ८१ वालेच पहिले लिहा. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले आहे. कोणाचे ऐकावे?
— एक केळी उत्पादक पालक, अडावद (ता. चोपडा)

उत्तर : दुकानातील मुलगा आपल्या मुलीचे वाईट चिंतत नसावा, परंतु त्याचा सल्ला उलटा आहे आणि तो ऐकल्यास नुकसान आपले होईल. जागावाटप कसे होते, ते आधी समजून घेऊ. सोप्या भाषेत सांगायचे तर संगणक गुणवत्तेनुसार वरून खाली एकेक नाव घेत येतो. आपल्या मुलीचे नाव आले की तो तिची यादी उघडतो, पहिल्या महाविद्यालयात जागा शिल्लक आहे का ते पाहतो, नसेल तर दुसऱ्याकडे आणि तेथेही नसेल तर तिसऱ्याकडे वळतो. हे सारे तिच्या पाळीतच घडते. तिच्याहून एक गुण कमी असलेल्या मुलाने ८५ वाले महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिले आणि आपल्या मुलीने ते दुसऱ्या क्रमांकावर लिहिले, तरी तो मुलगा तिच्या पुढे जाऊ शकत नाही, कारण रांग गुणांची असते, पसंतीची नव्हे. मोठी आशा पहिल्या क्रमांकावर लिहिल्याने खालच्या क्रमांकाचे काहीही बिघडत नाही.

बिघडते ते उलट बाजूने. नियमित फेरीत पहिल्याच पसंतीचे महाविद्यालय मिळाले, तर तेथे प्रवेश घेणे बंधनकारक असते. तो घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांमधून विद्यार्थी बाहेर पडतो आणि सर्वांसाठी खुल्या असलेल्या शेवटच्या फेरीची वाट पाहत बसतो. भीतीपोटी ८१ वाले पहिल्या क्रमांकावर लिहिले, ते पहिल्याच यादीत मिळाले आणि दुसऱ्या फेरीत ८५ वाल्याच्या चार जागा मोकळ्या झाल्या, तर त्या जागांकडे पाहण्यापलीकडे मुलीच्या हाती काही उरणार नाही. याउलट मनाप्रमाणे ८८, ८५, ८१ असाच क्रम ठेवला आणि तिसऱ्या क्रमांकाचे महाविद्यालय मिळाले, तर ते घ्यावे की पुढच्या फेरीपर्यंत थांबावे, हा निर्णय आपल्या हातात राहतो. थांबण्यात धोका नाही असे मी म्हणणार नाही, कारण सोडलेली जागा पुन्हा मिळेलच असे नसते. पण निवड तरी आपली असते.

गेल्या वर्षीच्या कट-ऑफविषयीही थोडे सांगितले पाहिजे. ती महाविद्यालयाने घातलेली अट नसते; त्या यादीत, त्या प्रवर्गातून, त्या तुकडीत ज्याला शेवटची जागा मिळाली त्याचे ते गुण असतात. यंदा किती जणांनी ते महाविद्यालय मागितले यावर तो आकडा वर किंवा खाली सरकतो. शिवाय आपल्याकडे या आकड्यांचा इतिहासच तोकडा आहे. पूर्वी अकरावी प्रवेशाची केंद्रीय ऑनलाइन पद्धत मुंबई महानगर प्रदेश, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती येथेच होती. २०२५-२६ पासून ती साऱ्या राज्याला लागू झाली, तोवर जळगाव-धुळ्याची महाविद्यालये आपापल्या याद्या आपापल्या फलकावर लावत असत. तेव्हा ८४.६० आणि ८५ यांतील फरकाला भिऊन एखादे महाविद्यालय यादीतून वगळू नये.

पसंतीक्रम दहापर्यंत देता येतात. तीन लिहून थांबू नये, पण जेथे मुलीला प्रत्यक्षात पाठवायचेच नाही असे नावही केवळ यादी भरण्यासाठी लिहू नये. अडावदहून धानोरा-विदगावमार्गे जळगावला रोज जाणे-येणे करायचे असेल, तर सकाळच्या तासांची वेळ, एसटीची वेळ आणि पावसाळ्यातील अंधार यांचा विचार करून चोपड्याचे एखादे महाविद्यालय यादीत जरूर असावे. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो, हेही हिशेबात धरावे.

आणखी एका ठिकाणी फार पालक फसतात. एकाच महाविद्यालयाची अनुदानित तुकडी आणि स्वयंअर्थसहाय्यित (शासकीय अनुदानाविना, शुल्कावर चालणारी) तुकडी यादीत वेगवेगळ्या दिसतात, नाव तेच असते, शुल्क मात्र वेगळे असते. गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे आलेल्या एका वडिलांनी घडी घालून खिशात ठेवलेला अर्जाचा छापील कागद उलगडला, तेव्हा महाविद्यालयाच्या नावाखाली त्यांनी स्वतः पेन्सिलीने रेघ मारलेली होती आणि त्याच ओळीच्या टोकाला, रेघ जेथे संपली होती त्याच्या पुढे, ‘स्वयंअर्थसहाय्यित’ हा शब्द होता. नाव वाचून ते समाधानी झाले होते. ओळ शेवटपर्यंत वाचलीच नव्हती. अर्ज कायम करण्यापूर्वी मुलीला प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायला लावावी आणि आपण शुल्काचा आकडा कागदावर लिहून घ्यावा. सातवीच्या शिक्षणाला हे काम सहज जमते.

प्रश्न : मुलाला ‘इंटिग्रेटेड’ला, म्हणजे कॉलेज आणि प्रवेश परीक्षेचा क्लास एकत्र असतो तेथे, घालायचे ठरले आहे. क्लासचे लोक म्हणतात, की कॉलेज केवळ नावापुरते असते, आम्ही सांगू ते कॉलेज लिहा, किंवा लॉगिन आणि पासवर्ड आमच्याकडेच द्या, आम्ही सगळे करून देतो. द्यावा का?
— एक आई, शिरपूर

उत्तर : देऊ नये. पासवर्ड घरात राहावा आणि अर्जात मोबाइल क्रमांक आपलाच असावा, कारण ओटीपी त्याच क्रमांकावर येतो आणि तो दुसऱ्याच्या हाती असला तर पसंतीक्रम कधी बदलला याचा आपल्याला पत्ताही लागत नाही.

कॉलेज नावापुरते असते, हे विधान मात्र मला अधिक खटकते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांच्या प्रात्यक्षिकाला प्रत्येकी ३० गुण आहेत, आणि ज्या मुलाने दोन वर्षांत ब्युरेट (द्रव मोजण्याची काचेची नळी) हाती धरलेली नाही त्याला ते गुण कोणाच्या तरी मेहरबानीवर सोडावे लागतात. बोर्डाच्या परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरीचा नियम आहे. जेईई या अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेमार्फत एनआयटी या केंद्रीय अभियांत्रिकी संस्थेत जायचे झाल्यास बारावीत ७५ टक्के गुण, किंवा आपल्या मंडळाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे वरच्या २० टक्के विद्यार्थ्यांत, स्थान लागते. अनुसूचित जाती-जमातींसाठी गुणांची अट ६५ टक्के आहे. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण २० टक्के वजन असते, त्यामुळे अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष ही समजूतही चुकीची आहे. क्लास लावायला माझी हरकत नाही. जेथे प्रयोगशाळा सकाळी खरोखर उघडते असे महाविद्यालय आधी निवडावे, आणि क्लासच्या वेळा त्याच्याशी जुळतात का ते नंतर पाहावे. शक्य असेल तर एखाद्या कामाच्या दिवशी, न सांगता, मुलाला घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभे राहावे. ओट्यावर बाटल्या मांडलेल्या आहेत की धूळ बसलेली आहे, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात.

प्रश्न : आमच्याकडे मुलाचा ओबीसीचा जातीचा दाखला आहे. तेवढा पुरेल ना?
— एक पालक, साक्री

उत्तर : पुरणार नाही. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) यांना जातीच्या दाखल्याबरोबर मुदतीतील नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला, लागते. अनुसूचित जाती आणि जमातींना ते लागत नाही. या प्रमाणपत्रासाठी अर्ज सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून करता येतो. निकालानंतर सेतू केंद्रासमोर जी रांग लागते तिच्यात उभे राहण्यापेक्षा हे काम निकालापूर्वीच उरकावे आणि पोचपावती जपून ठेवावी. मुलगा विज्ञान शाखेत जाणार असेल, तर बारावीनंतरच्या व्यावसायिक प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्रही (जातीचा दाखला तपासून खरा ठरल्याचे) लागेल, आणि त्याचा प्रस्ताव अकरावीतच महाविद्यालयामार्फत पाठवता येतो. त्यासाठी वडिलांचे व आजोबांचे शाळा सोडल्याचे दाखले लागतात, तेव्हा आजोबा ज्या गावच्या शाळेत शिकले तेथे मे महिन्यातच, सुटीत कार्यालय कोणत्या दिवशी उघडते हे विचारून, एक चक्कर मारून यावी.