इंग्लंडमध्ये मुलांच्या बालसंस्कार वर्गांवर सरकारची देखरेख असते का? असावी का?

रविवारी दोन तास भरणाऱ्या वर्गावर नसते. ऑफस्टेड (शाळा तपासणारी सरकारी संस्था) तिथे फिरकत नाही, नोंदणी लागत नाही, मनाचे श्लोक शिकवता की आणखी काही, हे कुणी विचारत नाही. 5 किंवा जास्त मुलांना पूर्णवेळ शिकवलंत (सरकार साधारण आठवड्याला 18 तासांच्या वर धरतं) तर ती शाळा, मग नोंदणी सक्तीची. तुम्ही लिहिलंय की इकडे आल्यावर मुलीला मंडळाच्या वर्गाला घालायचंय. तो वर्ग यात येत नाही.

पण ‘असावी का’ यावर मला बोलायचंच आहे, कारण याच विषयावरून आमच्याकडे मोठं रामायण घडलंय. मी मिडलंड्समधल्या एका गावात असा वर्ग घ्यायचे.

2015 च्या ऑक्टोबरमध्ये तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरून आपल्या पक्षाच्या अधिवेशनात मदरशांवर बोलले. नोव्हेंबरमध्ये शिक्षण खात्याचा प्रस्ताव आला: शाळेबाहेर आठवड्याला 6 ते 8 तासांहून जास्त शिकवणाऱ्यांनी नोंदणी करायची, मग धर्म कुठलाही असो, आणि ऑफस्टेडला तपासणीचा अधिकार. चर्चवाले संडे स्कूलच्या (मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गांच्या) काळजीने खवळले. आमच्या ग्रुपवर निरोप फिरला, ‘सरकार बालसंस्कार बंद करायला निघालंय, खासदाराला पत्र लिहा.’ आमचा वर्ग दोन तासांचा! प्रस्ताव कुणी उघडून वाचला नव्हता. समितीच्या बैठकीत मी हे म्हटलं, तर आमचे ज्येष्ठ सभासद (सगळे त्यांना अप्पा म्हणायचे, मीही इथे तेच म्हणते) म्हणाले, “अगं, आज सहा तास म्हणतील, उद्या देवघरात येऊन बसतील.”

त्याच हिवाळ्यात वर्गावर एक नवे गृहस्थ आले. निवृत्त शिक्षक, अथर्वशीर्ष अगदी स्वच्छ, आवाज खणखणीत. पाठांतर चालू असताना एक मुलगा हसला म्हणून त्यांनी त्याच्या हातावर फूटपट्टी मारली. एकदा नाही. वळ उठला होता. त्याची आई माझ्याकडे आली, कारण मी तिच्याच वयाची. अप्पांकडे जायची तिची छाती झाली नाही.

हेच शाळेत झालं असतं तर त्या शिक्षकाची नोकरी गेली असती. सरकारी शाळांमधला मार 1980 च्या दशकातच बंद झाला, खासगी शाळांमधला 1999 मध्ये. पण ही बंदी आठवड्यातून थोडे तास चालणाऱ्या वर्गांपर्यंत पोचतच नाही. तिथे शिकवणारा ‘मी पालकाच्या जागी होतो, वाजवी शिक्षा केली’ असा बचाव करू शकतो. वळ उठेपर्यंत मारणं त्यातही बसणं कठीण, पण ते ठरणार कोर्टात, आणि कोर्टात जातंय कोण? ही फट बुजवा, अशी शिफारस सरकारचे बालसुरक्षा सल्लागार सर रॉजर सिंगलटन यांनी 2010 मध्येच केली होती. अजून बुजलेली नाही.

मी बैठकीत विषय काढला. तीनच गोष्टी मागितल्या: मुलांसोबत एकट्या राहणाऱ्या प्रत्येकाचा डीबीएस तपास (म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी पडताळणी; स्वयंसेवकांना त्याची सरकारी फी नसते), तक्रार कुणाकडे करायची हे लेखी, आणि मारायचं नाही हेही लेखी. अप्पांचं उत्तर, “आम्ही काय कमी छड्या खाल्ल्या? बिघडलो का?” दुसरे एक जण म्हणाले, लेखी केलं की बाहेर जातं, आणि आत्ता वातावरण तापलंय. मुलगा यायचा बंद झाला. मास्तर राहिले.

अप्पा सरकारच्या ज्या बाजूला घाबरत होते तिला मीही घाबरते, हे त्यांनी कधी ऐकूनच घेतलं नाही. प्रस्तावात चार गोष्टींना मनाई होती: मुलांची सुरक्षितता न सांभाळणं, अयोग्य माणसं नेमणं, मारणं, आणि ‘अनिष्ट शिकवण’, म्हणजे ब्रिटिश मूल्यांच्या विरोधात जाणारी. ही चौथी गोष्ट ठरवणार कोण? एकादशीचा उपास मुलीला सांगितला तर ते अनिष्ट का, हे ऑफस्टेडच्या माणसाने ठरवू नये. पण पहिल्या तिन्हींना विरोध करायचं कारण काय? सरकारने चौघींची एकच मोळी बांधली, 18,000 च्या आसपास प्रतिक्रिया आल्या, आणि एप्रिल 2018 मध्ये अख्खी मोळी फेकून दिली. धर्मस्वातंत्र्याच्या नावाखाली फूटपट्टीही वाचली. 2020 मध्ये खात्याने अशा वर्गांसाठी सुरक्षिततेची मार्गदर्शिका काढली, पण तीही ऐच्छिक.

आता गंमत ऐका. आमचा वर्ग एका प्राथमिक शाळेच्या हॉलमध्ये भरायचा. सरकारी मार्गदर्शनानुसार शाळांना हॉल भाड्याने देताना बालसुरक्षेच्या अटी करारात घालाव्या लागतात. आमच्याही करारात त्या आल्या. माझ्या तिन्ही मागण्या, जवळजवळ त्याच शब्दांत. अप्पांनी चकार शब्द न काढता सही केली. हॉल स्वस्त होता आणि पार्किंग फुकट. मास्तरांनी डीबीएसचा अर्ज भरला नाही, तब्येतीचं कारण सांगून थांबले. मला कुणी ‘तुझं बरोबर होतं’ म्हटलं नाही, आणि तोवर मी वर्ग सोडलाही होता.

तर नियंत्रण असावं का? माणसांवर असावं, पाठांतरावर नसावं. आणि ‘आपली संस्कृती’ म्हणून पहिल्याला विरोध करणाऱ्यांचं मला काडीचं कौतुक नाही, मग ते चर्चमध्ये असोत, मशिदीत असोत की आपल्या मंडळात.

हे सगळं फक्त इंग्लंडचं, बरं का. स्कॉटलंडमध्ये 2020 पासून आणि वेल्समध्ये 2022 पासून आईवडिलांनाही मारायची मुभा नाही, त्यामुळे तिथे ही फट उरलेली नाही. शिवाय 2022 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये धार्मिक शिक्षक ‘विश्वासाच्या पदावर’ धरले जातात, म्हणजे त्यांनी 16-17 वर्षांच्या मुलांशी लैंगिक संबंध ठेवणं गुन्हा आहे. बहुतेक मंडळांचे वर्ग चांगलेच असतात, माझा मुलगा तिथेच रामरक्षा शिकला. तुम्ही पहिल्या रविवारी मुलीबरोबर मागे बसून बघा. बसू देत नसतील तर दुसरं मंडळ शोधा, आणि अप्पा इथे वाचत असतील तर त्यांनी खाली लिहावं, त्या मुलाच्या आईला समितीने आजवर एक फोन तरी केला का.