‘ऑन’ म्हणजे ‘वर’ नव्हे

खान्देशातल्या शिक्षक-पालकांच्या या वेळच्या बहुतेक शंका एकाच गोष्टीभोवती आहेत: वस्तू कुठे आहे हे सांगणारे इंग्रजीतले छोटे शब्द लहान मुलांना कसे शिकवायचे?

दुसरीच्या वर्गाकडून ‘इन म्हणजे आत, ऑन म्हणजे वर, अंडर म्हणजे खाली’ असं पक्कं पाठ करून घेतलं आहे. तरी वाक्यात मुलं ‘शूज इन माय फीट’, ‘फॅन इज ऑन माय हेड’ असं बोलतात. कुठे चुकतंय? (शिक्षिका, चोपडा तालुका)

चूक त्या पाठांतरातच आहे. मुलं मनात मराठी वाक्य धरतात आणि शब्दाला शब्द लावतात. पायात चप्पल, बोटात अंगठी, हातात बांगड्या असं आपण म्हणतो, म्हणून ती ‘इन’ लावतात. इंग्रजी भाषा मात्र अंगठी बोटाच्या पृष्ठभागावर आहे असं बघते, म्हणून ‘ऑन’. भिंतीला पाल, खुंटीला दप्तर, शर्टाला बटण, दाराला कुलूप या साऱ्यांत मराठी ‘ला’ वापरते. इंग्रजीत तिथेही ‘ऑन’च. छताला उलटी चिकटलेली पालसुद्धा ‘ऑन द सीलिंग’. म्हणजे ‘ऑन’चा संबंध उंचीशी नसून टेकण्याशी, चिकटण्याशी आहे. पंखा डोक्यावर आहे पण डोक्याला टेकलेला नाही, म्हणून तिथे ‘ऑन’ चालत नाही, ‘अबव्ह’ लागतं. ते दुसरीत शिकवायची घाई नको. फक्त ‘ऑन’ शिकवताना पंख्याचं उदाहरण घेऊ नका.

‘खाली’चंही असंच. पेन खाली पडलं की मुलं ‘अंडर’ म्हणतात. पण ते जमिनीवर आहे, ‘ऑन द फ्लोअर’.

मग करायचं काय? प्रत्येक मुलाला एक रिकामी काडेपेटी, दोन चिंचोके आणि एक टिकली द्या. (कपाशीचं गाव म्हणून सरकी घ्यायचा मोह होईल. पेरणीच्या सरकीला औषध चोळलेलं असतं, ती मुलांच्या हातात नको.) पहिले दोन दिवस मुलांनी बोलायचं नाही, ऐकून करायचं. तुम्ही म्हणायचं, ‘पुट इट इन द बॉक्स’, मग ‘ऑन द बॉक्स’, मग ‘अंडर द बॉक्स’. रोज दहा मिनिटं पुरेत. क्रम बदलत राहा, नाहीतर मुलं शब्द न ऐकता सवयीने हात हलवतात. दुसऱ्या दिवशी टिकली पेटीच्या उभ्या बाजूला चिकटवायला लावा आणि तेव्हाही ‘ऑन द बॉक्स’ म्हणा. काही मुलं थबकतील, कारण टिकली ‘वर’ नाही. त्या थबकण्यातच ‘ऑन’ उमगायला लागतं. तिथे मराठी अर्थ सांगून घाई करू नका. लगेच भिंतीवरचा तक्ता आणि शर्टाचं बटण दाखवून तेच म्हणा. तिसऱ्या दिवसापासून मुलांनी आज्ञा द्यायच्या आणि तुम्ही करायचं. मधूनच मुद्दाम चुका. ती तुम्हाला दुरुस्त करतात तेव्हा सगळ्यात चांगलं बोलतात.

मुलं ‘बुक टेबल ऑन’ म्हणतात आणि ‘द’ तर कायम गाळतात. (शिक्षक, साक्री)

मराठीत जागा सांगणारा भाग नामाच्या शेपटीला असतो: टेबलावर, डब्यात. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाचं ‘घरमा’ही तसंच. इंग्रजीत तो नामाच्या आधी येतो. नियम सांगून हे सुटत नाही, कानाने सुटतं. ‘ऑन’ एवढाच सुटा शब्द फलकावर लिहू नका, कार्डावरही नको. ‘ऑन द टेबल’ हे तीन शब्द एकाच दमात, एका ठेक्यात म्हणवून घ्या, जणू एकच शब्द आहे. ‘व्हेअर इज द बुक?’ या प्रश्नाला पहिला आठवडा ‘ऑन द टेबल’ एवढंच उत्तर पुरे धरा. पूर्ण वाक्याचा आग्रह आधीच धरला, तर मूल ‘इज’ शोधत बसतं आणि उलटा क्रम परत येतो.

‘बिटवीन’चा अर्थ ‘मध्ये’ सांगितला, तर मुलं ‘इन’ आणि ‘बिटवीन’ची गल्लत करतात. (शिक्षिका, शहादा)

करणारच. ‘दोन डब्यांमध्ये खडू ठेव’ म्हटलं की एखादं मूल झाकण उघडून खडू आत टाकतं, आणि मराठीप्रमाणे ते चूकही नाही. झाकणं घट्ट लावलेले दोन डबे घ्या. आत काही जाणारच नसेल, तर ‘बिटवीन’चा एकच अर्थ उरतो. ‘इन’ पक्कं झाल्यावर निदान आठवडाभराने हा शब्द घ्या.

‘इन फ्रंट ऑफ’ आणि ‘बिहाइंड’ला अर्धा वर्ग बरोबर, अर्धा चूक असतो. (शिक्षक, पाचोरा)

बहुधा तुम्ही टेबलावर बाटली ठेवून समोरून दाखवता. बाटलीला तोंड-पाठ नसते. तुमच्या बाजूचं ‘पुढे’ ते मुलांच्या बाजूने ‘मागे’. खुर्ची, एसटी, माणूस यांना स्वतःचं पुढे-मागे असतं, म्हणून सुरुवात तिथून करा: ‘स्टँड बिहाइंड द चेअर.’ बाटली, चेंडू, झाड नंतर, आणि तेव्हा तुम्ही मुलांच्या रांगेत, त्यांच्याच दिशेला तोंड करून उभे राहा. आणखी एक: रस्त्यापलीकडच्या दुकानाला आपण ‘शाळेसमोर’ म्हणतो. इंग्रजीत ते ‘ऑपोझिट’.

‘माय फादर इज ऑन द वेल’ असं मुलीने लिहिलं. विहिरीवर म्हणजे ‘ऑन’च ना? (पालक, रावेर)

या वाक्यातून वडील थेट कठड्यावर बसलेले दिसतात. ‘विहिरीवर’, ‘स्टँडवर’, ‘स्टेशनवर’ यांत ‘वर’ फक्त ठिकाण दाखवतो, तिथे ‘अ‍ॅट’ लागतं. ‘अ‍ॅट’ची वस्तू ठेवून दाखवता येत नाही, म्हणून ते तिसरी-चौथीपर्यंत मागे ठेवलं तरी चालेल. निंबावरचा पोपट फांद्यांच्या आत असतो, म्हणून ‘इन द ट्री’. झाडाला लागलेल्या कैऱ्या ‘ऑन द ट्री’. रिक्षात ‘इन’, एसटीत ‘ऑन’. पण आपल्याकडे ‘इन द बस’ सर्रास बोललं जातं. त्यावर लाल रेघ मारू नका.